कोरडे वजन

सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५, सकाळी सहा वाजून बावीस मिनिटे. सातारा स्थानक. गाडी अकरा मिनिटे उशिरा. हवेत मळीचा पहिला वास.

माझ्या नोंदवहीत वासासाठी रकाना नाही, तरीही आज मी तो लिहिला. सातारचे स्थानक शहरापासून दूर, माहुलीच्या बाजूला आहे. तिथे पहाटे कुत्री, थंडी आणि अपडाऊन करणारी माणसे यांपलीकडे फारसे काही नसते. वारा दक्षिणेकडून आला की कारखान्याची चिमणी न दिसताही ती पेटली आहे हे कळते. गोड, आंबूस, किंचित कुजका असा तो वास एकदा नाकात शिरला की मार्चपर्यंत मुक्काम हलवत नाही. शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी ओढणी नाकाला लावली आणि समाधानाने म्हणाल्या, "झाला सीझन चालू."

आमच्या भागात नुसते 'सीझन' म्हटले की तो उसाचा असतो. कोणता, असे कोणी विचारत नाही. माझ्या रेल्वेच्या मासिक पासालाही जुने लोक सीझन तिकीटच म्हणतात. गेल्या वर्षी हे दोन सीझन एकावर एक आले होते. त्या वर्षाची वही आज पिशवीत आहे.

वहीत दोन रकाने आहेत. डाव्या रकान्यात गाडीला झालेला उशीर, मिनिटांत. उजव्या रकान्यात एका माणसाचे वजन, किलोग्रॅममध्ये, दशांश चिन्हानंतर एक आकडा.

साताऱ्याहून सांगलीचे लोहमार्गाने अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास भरते. सगळ्या स्थानकांवर थांबणारी गाडी ते तीन तासांत कापते, असे वेळापत्रक म्हणते. जायला तीन आणि यायला तीन धरले, तर दिवसाचा चौथा भाग. मी रसायनशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी. जो वेळ टाळता येत नाही तो निदान मोजावा, या शिस्तीने मी डावा रकाना सुरू केला. सांगलीतील एका अन्नपरीक्षण प्रयोगशाळेत बेदाणा, हळद आणि द्राक्षे तपासणे हे माझे काम. तपासायचे मी, पण अहवालावर सही दुसऱ्याची असे. सहीचा अधिकार मिळवण्यासाठी बाहेरून येणाऱ्या मूल्यांकनकर्त्यांसमोर परीक्षा द्यावी लागते. त्या परीक्षेपर्यंत पोहोचायला मला तीन वर्षे लागली होती. सांगलीत खोली घेतली असती तर हा प्रवास वाचला असता. परंतु साताऱ्यात आप्पा होते.

आप्पा म्हणजे माझे वडील. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, उंच, मोजके बोलणारे, दाढी रोज करणारे. आई आठ वर्षांपूर्वी गेली. भाऊही फौजेतच, नकाशात बोट ठेवून शोधावा लागेल अशा ठाण्यावर. आप्पांचे हृदय कमजोर झाल्याचे निदान गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात झाले. डॉक्टरांनी ते साध्या शब्दांत समजावले: पंप थकला की पाणी शरीरात साचते, पायांत, पोटात, शेवटी फुप्फुसांत. साचलेले पाणी डोळ्यांना उशिरा दिसते, काट्याला लवकर दिसते. म्हणून रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच कपड्यांत वजन करायचे. पाणी उतरल्यावर जे वजन भरले त्याला डॉक्टर 'कोरडे वजन' म्हणाले. आप्पांचे कोरडे वजन ६१.४. तीन दिवसांत दोन किलो वाढले, तर वाट पाहायची नाही.

मला हा शब्द ऐकून एक प्रकारचे समाधान वाटले होते, हे मी लपवणार नाही. कोरडे वजन ही संज्ञा माझ्या टेबलावरची होती. बेदाण्यातला ओलावा काढायचा म्हणजे नमुना भट्टीत वाळवायचा, थंड करायचा, तोलायचा. पुन्हा वाळवायचा, पुन्हा तोलायचा. लागोपाठ दोन वजने सारखी आली की पाणी संपले असे समजायचे. याला आम्ही 'स्थिर वजन' म्हणतो. वडिलांचा आजार माझ्या विषयात बसला, म्हणून तो माझ्या आवाक्यात आला असे मला वाटले.

मी डिजिटल काटा आणला. अडचण वेळेची होती. रात्रभर आप्पा उशा रचून बसल्यासारखे झोपत आणि पहाटे कुठे त्यांचा डोळा लागे. मी तर साडेपाचला घर सोडी. पहाटेची झोप मोडू नका, असे डॉक्टरांनी बजावले होते. मग ठरले असे की आप्पांनी सातनंतर उठून वजन करायचे आणि गाडी कराडला थांबली की मी फोन करायचा. कराडचे स्थानकही गावाबाहेरच, पण तिथे आवाज नीट येतो आणि गाडी जरा जास्त थांबते.

तो फोन म्हणजे एक छोटे संचलन होते. पलीकडून खाकरल्याचा आवाज येई, मग कडक सुरात, "साहेब, रिपोर्ट देतो. वजन एकसष्ट पॉईंट पाच. पानी काल दीड लिटर. गोळी घेतली." मी त्यांची साहेब होते. त्यांच्या नोकरीच्या काळात त्यांना इतका तरुण आणि इतका चष्मेवाला साहेब मिळाला नव्हता, असे ते वत्सलाकाकूंना सांगत. काकू म्हणजे समोरच्या घरातल्या. दुपारची भाकरी त्या आणून देत आणि घराची दुसरी किल्ली त्यांच्याकडे असे.

बायकांच्या डब्यात खासगी असे काही नसते. मटार सोलणाऱ्या, केस विंचरणाऱ्या, खिडकीला डोके टेकून अर्धवट झोपलेल्या सगळ्याजणी तो रिपोर्ट ऐकत. सर्वांत लक्ष देऊन ऐकत शालनमावशी. त्या रहिमतपूरला चढत. त्यांची जागा मी पिशवी ठेवून धरून ठेवी. ताकारीला उतरून त्या एका खासगी वजनकाट्यावर जात. रस्त्याकडेला जमिनीत बसवलेले लोखंडी पाटे, त्यावर उसाच्या, खडीच्या, मक्याच्या गाड्या चढायच्या आणि शेजारच्या खोलीत मावशींनी पावत्या फाडायच्या. एकोणीस वर्षे हे काम केलेल्या त्या बाईला माणसापेक्षा वजनाचे जास्त कळे. काटा कसा मारतात हे त्या डब्याला रंगवून सांगत: ड्रायव्हर केबिनमध्ये दडून बसतो, टाकीत पाणी भरून आणतो, किंवा एक चाक हळूच पाट्याबाहेर ठेवतो. रिकामी गाडीसुद्धा कधी दोनदा सारखी भरत नाही, असे त्यांचे म्हणणे. डिझेल जळते, चिखल लागतो, चिखल गळतो. सारखा आकडा आला की त्या खोलीतून उठून बाहेर जात आणि गाडीभोवती एक फेरी मारत.

मंगळवार, १० डिसेंबर. डावीकडे सतरा मिनिटे. उजवीकडे ६३.६.

तीन दिवसांत दोन किलो दोनशे ग्रॅम. गाडी अजून कराडच्या फलाटावर होती. मी उतरले. पिशवी मावशींनी खिडकीतून खाली दिली. एसटीने घरी परतले, आप्पांना दवाखान्यात नेले, पाण्याची गोळी वाढवून मिळाली. काही बिघडले नाही, सगळे नियमाप्रमाणे झाले. फक्त त्याच दिवशी, इतर प्रयोगशाळांच्या निकालांशी तुलनेसाठी आलेला नमुना माझ्या हातून तपासून व्हायचा होता आणि त्याची मुदत संध्याकाळी संपत होती. सहीच्या परीक्षेची ती पहिली पायरी होती. प्रमुखांचा फोन आला तेव्हा मी दवाखान्याच्या बाकावर होते, शेजारी आप्पा. प्रमुख रागावले नाहीत. फेब्रुवारीत आणखी एक संधी आहे, तेव्हा मात्र गैरहजेरी चालणार नाही, एवढेच म्हणाले. मी तीनदा "हो सर" म्हटले. आप्पा समोरच्या भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत होते. तो तक्ता त्यांनी फार वेळ वाचला.

त्या आठवड्यात आकडे शहाण्यासारखे उतरले: ६३.०, ६२.३, ६२.१, ६१.९. रविवारी मी घरी होते. आप्पा काट्यावर चढले आणि जरासे डुलले. काटा तेव्हा खोलीच्या मधोमध असे. मी तो उचलला, खिडकीखाली ठेवला आणि म्हटले, "कठड्याला धरा, आप्पा. पडाल."

त्यांनी तळहात कठड्यावर ठेवला. मी वाकून आकडा वाचला. ६१.४.

"बघा," मी म्हटले, "गोळी लागू पडली."

"व्हय," आप्पा म्हणाले. ते आकड्याकडे बघत होते. मग हाताकडे.

मांडणी बदलली की तारीख घालून तशी नोंद करायची, हे मी प्रयोगशाळेत येणाऱ्या प्रत्येक शिकाऊ मुलीला पहिल्या दिवशी शिकवते. १५ डिसेंबरच्या पानावर तशी नोंद नाही.

त्यानंतर थंडी वाढली. मसूरच्या पुढे धुके रुळांना चिकटून बसायचे आणि गाडी चाचपडत चालल्यासारखी वाटायची. फाटकांवर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर थांबलेले असायचे. ऊस दोन्ही अंगांनी बाहेर आलेला, ड्रायव्हर मफलरात, टेपवर गाणे. रुळांकडेच्या मोकळ्या रानात तोडकऱ्यांच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या, उठलेल्या. उसाचे पाचट जाळले की काळी राख डब्यात येऊन ओढणीवर बसे. झटकली की पसरे, म्हणून झटकायची नाही, हा डब्याचा अलिखित नियम. एकेरी रूळ असलेल्या पट्ट्यात समोरची गाडी येईपर्यंत आमची बाजूला उभी करत. अशा वेळी इंजिनाचा आवाज थांबे आणि चाळीस बायकांचा श्वास ऐकू येई. मी मांडीवर वही ठेवून परीक्षेचा अभ्यास करी. डाव्या रकान्यात आकडे उड्या मारत होते: नऊ, चव्वेचाळीस, तेवीस, सहा, एकतीस. उजव्या रकान्यात शांतता होती. ६१.४, ६१.५, ६१.४, ६१.३, ६१.४.

ते पान आज उघडले की दिसते ते असे: एक रकाना जिवंत आहे आणि दुसरा मेलेला. त्या वेळी मला नेमके उलट वाटत होते. ज्यावर माझा ताबा नाही ते अस्थिर, ज्यावर आहे ते स्थिर. स्थिर वजन. पाणी संपले.

जानेवारीच्या मध्यावर एका शिकाऊ मुलीने बेदाण्याच्या एकाच नमुन्याची तीन निरीक्षणे माझ्यापुढे ठेवली. तिन्ही दुसऱ्या दशांशापर्यंत सारखी. मी कागद परत दिला आणि तिला विचारले की तू खरोखर तीनदा तोललेस का. ती रडवेली झाली. दोनदाच तोलले होते. त्या संध्याकाळच्या परतीच्या गाडीत मला स्वतःचा अभिमान वाटत होता.

आणि त्याच आठवड्यात, कराडचा फोन ठेवल्यावर, शालनमावशींनी मटाराची शेंग हातात तशीच धरून विचारले, "आगं, रोज एकच आकडा कसा? तुजं आप्पा माणूस हायती का दगूड?"

डबा हसला. मीही हसले. डिजिटल काटा आहे मावशी, तुमच्यासारखा जमिनीतला नव्हे, असे काहीसे म्हटले.

"माझा बी डिजिटलच हाय," मावशी म्हणाल्या आणि शेंग सोलली.

मी त्यावर विचार केला नाही असे नाही. केला. दोन स्थानकांदरम्यान, व्यवस्थित, मुद्देसूद. गोळीची मात्रा योग्य, पाणी मोजून, मीठ बंद. म्हणून आकडा स्थिर. रविवारी तर मी स्वतः वाकून आकडा वाचते. रविवारी मी आकडाच वाचत होते. आप्पांनी फौजेतले जाड लोकरी मोजे घातलेले असत. थंडी हाय, म्हणत. पायजम्याची नाडी सैल बांधलेली असे. उशा दोनच्या तीन झाल्या होत्या. मी सकाळी जाताना अंधार असे आणि घरी येताना अंधार, आणि उजेडातल्या एकमेव दिवशी मी काट्यासमोर गुडघे टेकून दशांश चिन्हानंतरचा आकडा पाहत होते.

गुरुवार, ६ फेब्रुवारी. डावीकडे आठ. कराडला आप्पांचा आवाज जरा तुटक येत होता. मध्येच थांबून ते श्वास घेत होते. मी विचारले, दम लागतोय का. म्हणाले की अंगणातून आत आलो, म्हणून. मग खाकरले. "साहेब, रिपोर्ट. एकसष्ट पॉईंट चार. आज तुमची परीक्षा. तुमी फुडं व्हा."

मी पुढे झाले.

मूल्यांकनकर्ते पांढऱ्या केसांचे, सौम्य गृहस्थ होते. पुस्तकातले त्यांनी काहीच विचारले नाही. तोलनयंत्राजवळ उभे राहून म्हणाले, या यंत्राने दाखवलेल्या आकड्यावर तुम्ही विश्वास का ठेवता? मी उत्तर दिले. रोज सकाळी प्रमाणित वजन ठेवून पडताळा घेतो. पातळी दाखवणारा बुडबुडा मध्यावर आहे हे पाहतो. दारे बंद करतो, म्हणजे वाऱ्याचा झोत लागत नाही. आणि तोलत असताना टेबलाला कोणाचाही हात लागू देत नाही.

"हात लागला तर काय होईल?"

"यंत्र खोटे बोलणार नाही," मी म्हटले. "पण ते जे तोलेल, ते नमुन्याचे वजन नसेल."

ते हसले आणि त्यांनी काहीतरी लिहिले. दुपारी दोन वाजता प्रमुखांनी मला बोलावून अभिनंदन केले. दोन वाजून पस्तीस मिनिटांनी वत्सलाकाकूंचा फोन आला. जेवण द्यायला गेल्या तर आप्पा दारात बसलेले, ओठ निळे, बोलता येईना. रिक्षाने दवाखान्यात नेले होते.

मिळाली ती पहिली गाडी धरली. त्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखे एवढेच की शेणोलीजवळ गाडी बाजूला उभी केली. समोरून मालगाडी यायची होती. खिडकीबाहेर तोडलेल्या उसाचे रान, त्यात पसरलेले पाचट, बगळे. चाळीस मिनिटे. कोणीतरी म्हणाले, क्रॉसिंग आहे, आणि डब्यातल्या बायका नेहमीप्रमाणे पिशव्या उघडून शेंगदाणे खाऊ लागल्या. हे दृश्य मी शेकडो वेळा पाहिले होते. मी वही काढली आणि डाव्या रकान्यात चाळीस लिहिले. हात काहीतरी मागत होता, म्हणून लिहिले.

दवाखान्यात आप्पांच्या नाकावर ऑक्सिजनचा मुखवटा होता. मोजे काढलेले होते. पाय माझ्या ओळखीचे नव्हते. बोटाने दाबले तर खड्डा पडे आणि तसाच राही. आत घेताना चाकाच्या खुर्चीसकट तोलून, खुर्ची वजा करून, त्यांनी वजन लिहिले होते. पलंगाच्या पायथ्याशी लटकवलेल्या कागदावर मी ते वाचले. ६८.२.

मी परिचारिकेला सांगितले की हे चुकले आहे. तिने मान हलवली आणि ती दुसऱ्या पलंगाकडे गेली. बहुधा असे सांगणारी मी पहिली नसेन.

आप्पांनी मुखवटा बाजूला केला. मी तो परत बसवू लागले तर माझे मनगट धरले.

"सही झाली?"

"झाली, आप्पा."

त्यांनी डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी ते फारसे जागे नव्हते. शनिवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी गेले. भाऊ रविवारी पोहोचला.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी घरात माणसे मावत नव्हती. पांढरी वस्त्रे, वंदना, फौजेतले त्यांचे दोन म्हातारे सोबती कोपऱ्यात ताठ बसलेले. शालनमावशी रहिमतपूरहून आल्या होत्या, एक दिवसाची रजा टाकून. जेवणे झाल्यावर त्या मला शोधत आतल्या खोलीत आल्या. मी कपाटाला टेकून उभी होते. त्या खोली न्याहाळत होत्या. खिडकीखालचा काटा त्यांना दिसला. सवयीने त्या त्याच्याभोवती फिरल्या. मग थांबल्या. खिडकीच्या कठड्यावर, चुन्याच्या गिलाव्यात, एका तळहाताएवढी जागा तेलकट आणि गुळगुळीत झाली होती. मावशींनी स्वतःचा हात तिथे ठेवला.

"इथं काटा मारलाय गं," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. आणि लगेच पदर तोंडाला लावला.

मी काट्यावर चढले. तळहात त्या गुळगुळीत जागी ठेवला आणि खाली दाबला. आकडा उतरला. थोडे जास्त दाबले, आणखी उतरला. आकडा स्थिरावून लुकलुकेपर्यंत तेवढाच भार धरून ठेवायचा, एवढेच कौशल्य. तिसऱ्या प्रयत्नात मला हवा तो आकडा आणता आला.

आप्पांनी कधी खोटा रिपोर्ट दिला नाही. काट्याने दाखवला तोच आकडा त्यांनी प्रत्येक वेळी सांगितला. चोपन्न नोंदी. हवालदार माणूस, साहेबापुढे खोटे बोलणे त्यांच्याने झाले नसते. मग त्यांनी खऱ्याचीच व्यवस्था केली. वत्सलाकाकू नंतर रडत म्हणाल्या की सूज त्यांना दिसत होती, त्या मला सांगणारही होत्या, पण आप्पांनी हात जोडले होते. "तिची सही हुंदे," म्हणाले होते, "मग सांगा."

काटाच चुकीचा असेल, ही शक्यता तपासायची राहिली होती. पुढच्या सोमवारी मी तो कापडी पिशवीत घालून गाडीत घेतला. कराडला गाडी थांबली तेव्हा डब्यातल्या बायका माझ्या फोनकडे पाहायचे टाळत होत्या. ताकारीला मावशींबरोबर उतरले. त्यांच्या खोलीत वीस-वीस किलोंची शिक्क्याची लोखंडी वजने असतात, सरकारी तपासणीसाठी ठेवलेली. आम्ही दोघींनी मिळून तीन वजने काट्यावर चढवली. बाहेर उसाची गाडी भोंगा वाजवत होती. मावशींनी तिला थांबवून ठेवले. ६०.० आले. तीनदा केले, तीनदा तेच.

"काटा बराबर हाय," मावशी म्हणाल्या. मग पावतीपुस्तक उघडत, "मला तवाच उतरून बघाया पायजे हुतं. गाडीभवती फिरती मी. माणसाभवती न्हाई फिरली."

तो दोष त्यांचा नव्हता. तसे मी त्यांना सांगितलेही. त्यांनी निदान प्रश्न विचारला होता.

आता अपडाऊनला कारण उरलेले नाही. प्रयोगशाळेपासून दहा मिनिटांवर एक खोली मी दोनदा पाहून आले, दोनदा पसंत केली आणि पुढच्या महिन्याचा पास काढला. अहवालांवर माझी सही असते. बेदाण्यातला ओलावा इतका टक्के. खाली नाव, खाली तारीख. शिकाऊ मुलींची निरीक्षणे सारखी आली तर मी कागद परत देत नाही. उठून त्यांच्या टेबलापाशी जाते आणि त्यांचे हात कुठे असतात ते पाहते. त्या मला घाबरतात असे ऐकले आहे.

आज गाडी कराडला सात वाजून एकावन्न मिनिटांनी आली. धुके होते. समोरच्या रुळावर कोणी नव्हते. मावशींनी मटाराची पिशवी उघडली, यंदाचा पहिला मटार, आणि मला एक मूठ दिली. फोन माझ्या हातात होता. त्या स्थानकावर हात अजूनही आपणहून पिशवीत जातो.

वही मी उघडली ती फेब्रुवारीच्या पानावर. गुरुवारच्या ओळीत ६१.४ आहे. त्याखाली दवाखान्याच्या कागदावरून उतरवलेले ६८.२ आहे. काटा बरोबर होता, म्हणजे दोन्ही आकडे खरे आहेत आणि त्यांच्यामधले अंतरही खरे आहे. १५ डिसेंबरला ते अंतर काहीशे ग्रॅमचे असेल. मग ते रोज थोडे वाढत गेले आणि रोज सकाळी, चहाच्या आधी, दम लागत असताना, एका माणसाने ते उजव्या तळहातावर पेलून धरले, आकडा लुकलुकेपर्यंत, माझी गाडी पुढे जावी म्हणून. ताकारीहून आल्यावर, त्या सोमवारीच, मी वजाबाकी करून ते लिहिले होते. त्यानंतर उजव्या रकान्यात काही नाही. शेवटचा आकडा ६.८.